पापणी का पडली ते आधी कळू द्या, थेंबांचं नंतर बघू

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, भजनी मंडळांच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. तो असा:

"पापणी पडली? डोळा बारीक दिसतो? ऑपरेशन विसरा! अमेरिकेच्या सरकारने मान्य केलेले थेंब आले आहेत. एक थेंब टाका, तासाभरात डोळा पहिल्यासारखा उघडा. वयामुळे असो, शुगरमुळे असो, जन्मापासून असो, कारण कुठलंही चालतं. रोज टाकलं की तीन महिन्यांत पापणी कायमची वर. साइड इफेक्ट शून्य. महागाचं औषध शोधत बसू नका, नाकात मारायच्या स्प्रेमध्ये तेच औषध असतं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. प्रत्येक नाशिककरापर्यंत पोहोचवा."

मी फार्मासिस्ट आहे, पंचवटीत मेडिकल चालवतो. हा मेसेज मोबाइलवर दाखवून लोक नाकाचा स्प्रे मागायला लागले. मागे रांग उभी असताना प्रत्येकाला नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. मेसेजमध्ये जे खरं आहे तेही सांगणार आहे. त्यातल्या एक-दोन गोष्टी कुणीही इंटरनेटवर तपासल्या तर त्या खऱ्या निघतात, आणि मग माणूस पुढच्या सगळ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. यातला खरा धोका तिथेच आहे.

सगळं वाचायला वेळ नसेल तर दोन गोष्टी तरी लक्षात ठेवा. नाकाचा स्प्रे डोळ्यात टाकू नका. आणि पापणी अचानक, म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उतरली असेल, तर मेडिकलमध्ये न येता थेट दवाखान्यात जा.

"अमेरिकेच्या सरकारने मान्य केलेले थेंब"

हे खरं आहे. ऑक्सिमेटाझोलिन नावाच्या औषधाचे ०.१ टक्के तीव्रतेचे डोळ्याचे थेंब अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२० मध्ये मंजूर केले. मंजुरी आहे ती मोठ्या माणसांमध्ये नंतर उद्भवलेल्या पापणी पडण्याच्या त्रासासाठी. पापणी पडलेल्या डोळ्यात दिवसातून एकदा एक थेंब. तिथेही हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. मेसेजमधून 'नंतर उद्भवलेल्या' आणि 'चिठ्ठीवर' या दोन्ही गोष्टी गळून पडल्या आहेत, आणि नेमक्या त्याच सगळ्यात महत्त्वाच्या होत्या.

थेंब काम कसं करतात ते थोडं समजून घेऊ, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वरची पापणी उचलणारे स्नायू दोन. मुख्य भार लिव्हेटर नावाचा स्नायू उचलतो. मेंदूतून निघणारी तिसरी नस त्याला चालवते. त्याच्या मागच्या बाजूला चिकटून एक पातळ, छोटा स्नायू असतो, त्याला मुलरचा स्नायू म्हणतात. तो आपल्या इच्छेने चालत नाही, सिम्पथेटिक नसांवर चालतो. त्याचा वाटा फार तर दोनेक मिलिमीटरचा. झोप आली की डोळे जड होतात आणि दचकलो की मोठे होतात, त्यात याचा हात असतो. ऑक्सिमेटाझोलिन या छोट्या स्नायूला आवळतं. लिव्हेटरवर त्याचा काही परिणाम होत नाही. मोठा स्नायू का थकला, त्याची नस का बंद पडली, तो हाडापासून पापणीपर्यंत धड जोडलेला आहे का, यातल्या एकाही प्रश्नाला हे औषध हात लावत नाही.

"तासाभरात डोळा पहिल्यासारखा उघडा"

तासाभरात फरक दिसू शकतो, इथवर ठीक. 'पहिल्यासारखा' मात्र आकड्यांत बसत नाही.

डॉक्टर पापणी मोजतात ती बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत. निरोगी डोळ्यात हे अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं. हे औषध ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर मंजूर झालं, त्यांत मिळून ३०४ माणसं होती. त्यांचे निकाल २०२० मध्ये 'जामा ऑप्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात छापून आले. खरं औषध टाकलेल्यांची पापणी पहिल्या दिवशी सरासरी ०.९६ मिलिमीटर वर गेली, चौदाव्या दिवशी १.१६. म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास. आणि त्याच चाचण्यांत ज्यांना औषध नसलेलं नुसतं द्रावण दिलं होतं, त्यांचीही पापणी सरासरी अर्धा मिलिमीटर वर गेली.

हा अर्धा मिलिमीटर मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. मोजमापाच्या दिवशी माणूस डोळे जरा जास्तच उघडतो, थेंब गार लागतो, मनात आशा असते. हे सगळं वजा करून उरतं ते औषधाचं खरं काम. म्हणून मी या औषधाला निकामी म्हणणार नाही. पापणी बाहुलीच्या काठावर आली असेल तर तेवढ्यानेही वरच्या बाजूचं जास्त दिसतं, आणि चाचण्यांत नजरेचा वरचा भाग सुधारल्याचं मोजलेलंही आहे. पण निम्म्याहून जास्त बाहुली झाकली गेली असेल, पापणी तीन-चार मिलिमीटर उतरली असेल, तर एक मिलिमीटरने डोळा पहिल्यासारखा होत नाही.

आणखी एक. बऱ्याच जणांची पापणी पडलेलीच नसते. वयाने पापणीवरची कातडी सैल होऊन कडेवर लोंबते, किंवा भुवईच खाली येते. कातडी बोटाने हलकेच वर धरली की तिच्याखाली वरच्या पापणीची कड जागच्या जागी दिसते. अशा माणसाला हे थेंब देऊन काय होणार? ते स्नायू आवळतात, कातडी नाही.

"वयामुळे असो, शुगरमुळे असो, जन्मापासून असो, कारण कुठलंही चालतं"

या एका वाक्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतो आहे. बाकी चुका पैशाच्या किंवा डोळ्याच्या आगीच्या आहेत, ही चूक जिवावर बेतू शकते.

मोठ्या वयात पापणी हळूहळू उतरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण साधं आहे. लिव्हेटर स्नायू ज्या पातळ पट्ट्याने पापणीला जोडलेला असतो, तो पट्टा वयाने ताणला जातो, सैल होतो. वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स घालणारे, डोळे जोरजोरात चोळायची सवय असणारे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, यांच्यातही हे दिसतं. थेंबांचा फायदा ज्यांना होतो ते मुख्यतः या गटातले. मंजुरीच्या चाचण्यांत जन्मजात पापणी पडलेले, मायस्थेनियाचे, हॉर्नर सिंड्रोमचे (हे दोन्ही आजार पुढे सांगतो) रुग्ण घेतलेच नव्हते. ज्यांच्यावर औषध तपासलंच नाही, त्यांच्यासाठी 'चालतं' असं कुणाच्या भरवशावर म्हणायचं?

आता उरलेली कारणं बघा.

तिसरी नस बंद पडली की पापणी पडते, बरेचदा पूर्ण. पापणी बोटाने उचलली तर डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो आणि एकाच्या दोन वस्तू दिसतात. शुगर आणि बीपी असणाऱ्यांत नसेचा रक्तपुरवठा बिघडून असं होतं. ते बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप सुधारतं. पण हीच नस मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याने दाबली गेली तर चित्र सुरुवातीला तसंच दिसतं, फक्त बाहुली मोठी झालेली असू शकते आणि डोकं भयंकर दुखतं. तो फुगा फुटला तर माणूस हातातून जातो. ही दोन्ही कारणं वेगळी काढायला तपासणी लागते, बरेचदा मेंदूचा स्कॅन लागतो. 'शुगरमुळे असेल' म्हणून घरी थेंब टाकत बसलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

हॉर्नर सिंड्रोममध्ये पापणी थोडीशीच, एक-दोन मिलिमीटर उतरते, त्या बाजूची बाहुली बारीक होते, कधी चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येईनासा होतो. मेंदूपासून छातीत उतरून मानेतून परत डोळ्याकडे येणारी सिम्पथेटिक नसांची वाट कुठेतरी तुटल्याची ही खूण. ती वाट फुप्फुसाच्या टोकावरच्या गाठीने तुटू शकते, मानेतल्या मुख्य रक्तवाहिनीचा आतला थर फाटल्यानेही तुटू शकते. आणि इथे हे थेंब जास्त फसवतात. नस तुटलेला मुलरचा स्नायू या जातीच्या औषधांना अधिकच संवेदनशील होतो. ॲप्राक्लोनिडिन नावाचा, याच कुटुंबातला थेंब टाकून पापणी वर जाते का हे बघणं ही तर हॉर्नरची तपासणीच आहे. म्हणजे ज्या माणसाने तातडीने छातीचा आणि मानेचा स्कॅन करायला हवा, त्याची पापणी थेंबाने छान वर जाईल, तो आरशात बघून खूश होईल आणि आतली गाठ वाढत राहील. 'गुण आला' म्हणजे 'आजार साधा होता' असं अजिबात नाही.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू थकवणाऱ्या आजारात सकाळी पापणी बरी असते आणि संध्याकाळपर्यंत उतरत जाते. कधी डावी, कधी उजवी. निम्म्याहून अधिक रुग्णांत हा आजार डोळ्यांपासूनच सुरू होतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत पुढे गिळण्याचे, बोलण्याचे, श्वासाचे स्नायू थकायला लागतात. रक्ताची तपासणी आहे, गोळ्या आहेत, वेळेत कळलं तर माणूस व्यवस्थित जगतो. डॉक्टर बंद पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून पापणी वर येते का तेही बघतात. इथे माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायलाच हवी: काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब आणि काही अँटिबायोटिक्स मायस्थेनिया उफाळून आणू शकतात. नवीन औषध सुरू झालं आणि पापण्या पडायला लागल्या, तर ते डॉक्टरांना सांगा. आणखी एक थेंब त्यावर चढवू नका.

आपल्या भागात दोन कारणं अशी आहेत की अमेरिकेतल्या माहितीपत्रकाला ती सुचणार नाहीत.

पहिलं साप. दिंडोरी, निफाड, पेठ, सुरगाणा, इगतपुरी इकडचे लोक जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. मण्यार रात्री चावते, तिचा दात कळतही नाही, सूज येत नाही, कधी कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा जड होतो आणि दोन्ही पापण्या उतरायला लागतात. नागाच्या विषानेही पापण्या पडतात. मण्यार-नागाच्या विषबाधेत पडलेली पापणी ही बऱ्याचदा पहिली दिसणारी खूण असते, त्यानंतर श्वासाचे स्नायू थांबतात. रात्री बरं झोपलेलं पोर सकाळी पापण्या उघडत नाही असं झालं तर एक मिनिटही घरात घालवू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. सर्पविषावरची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

दुसरं काळी बुरशी. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनातून उठलेल्या, शुगर वाढलेल्या किती जणांना म्युकरमायकोसिसने गाठलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एका बाजूचा चेहरा दुखणं, नाक चोंदणं, नाकातून काळपट स्राव, डोळ्याभोवती सूज आणि पापणी पडणं, ही त्याची लक्षणं. तो आजार कोरोनाच्या आधीही होता आणि आजही शुगर हाताबाहेर गेलेल्यांना होतो. त्यात नाक चोंदलेलं असतं, पापणी पडलेली असते आणि मेसेज सांगतो नाकाचा स्प्रे घ्या. यापेक्षा वाईट गाठ पडू शकत नाही.

'जन्मापासून' या शब्दाबद्दल वेगळं सांगतो, कारण त्यात लहान मुलांचं नुकसान आहे. जन्मजात पडलेल्या पापणीत बहुतेक वेळा लिव्हेटर स्नायूच नीट घडलेला नसतो. बाजूचा छोटा स्नायू आवळून त्याची भरपाई होत नाही. आणि मुलाची नजर घडते ती पहिल्या सात-आठ वर्षांत. त्या काळात पापणीने बाहुली झाकलेली राहिली, किंवा पापणीच्या दाबाने डोळ्याला तिरका नंबर आला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मोठेपणी पापणी कितीही सुंदर उचलली तरी ती नजर परत येणं कठीण. हनुवटी वर करून टीव्ही बघणारं मूल दिसलं तर ते लाडात बघत नाहीये, पापणीखालून बघतंय. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. हे थेंब १३ वर्षांखालच्या मुलांसाठी सुरक्षित आणि उपयोगी आहेत हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे.

एक कारण माझ्यासारख्यांच्या काउंटरवरूनच घरी जातं. स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस टाकत राहिलं तर पापणी उतरू शकते. शिवाय डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो तो वेगळाच. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ आली, तेव्हा किती घरांत शेजाऱ्याने सांगितलेले स्टेरॉइड मिसळलेले थेंब टाकले गेले! ते थेंब चिठ्ठीशिवाय विकायचे नसतात, तरी विकले गेले. काचबिंदूच्या प्रोस्टाग्लँडिन जातीच्या थेंबांनीही डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा खोल जातो, पापणी उतरते. ते थेंब मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, त्यांनी नजर वाचते आहे. पापणी पडली म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरातल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा, एवढंच.

"रोज टाकलं की तीन महिन्यांत पापणी कायमची वर"

साफ खोटं. औषधाचा जोर काही तासांचा. तो ओसरला की पापणी होती तिथे येते. ताणलेला पट्टा थेंबाने परत शिवला जात नाही. तीन महिने हा आकडा कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे: मंजुरीसाठीच्या अभ्यासात २०३ जणांनी सहा आठवडे आणि १५७ जणांनी बारा आठवडे औषध वापरलं. बारा आठवडे म्हणजे तीन महिने. तो अभ्यासाचा कालावधी होता, बरं होण्याचा नाही.

"साइड इफेक्ट शून्य"

त्याच अभ्यासांत डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर बारीक टिपके, लाली, कोरडेपणा, अंधुक दिसणं, टाकताना झोंबणं, चुरचुर, डोकेदुखी यांतला प्रत्येक त्रास शंभरातल्या एक ते पाच जणांना झाला. चांगल्या औषधाला शोभेल असंच हे प्रमाण आहे, पण शून्य नाही. त्याहून मोठं म्हणजे माहितीपत्रकातले इशारे. बीपी ताब्यात नसलेले, हृदयविकाराचे, उठताना चक्कर येणारे, मेंदूच्या किंवा हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा त्रास असलेले यांनी सांभाळून. डोळ्याचा कोन (आतलं पाणी बाहेर जाण्याची वाट) अरुंद असलेल्या ज्या माणसाच्या काचबिंदूवर उपचार झालेले नाहीत, त्याच्या डोळ्याचं प्रेशर एकदम वाढू शकतं. बीपीच्या काही गोळ्या आणि डिप्रेशनची काही जुन्या प्रकारची औषधं यांच्याशीही याचं जमत नाही. कोन अरुंद आहे हे आरशात दिसत नाही, ते डॉक्टर तपासूनच सांगतात. ज्या वयात पापणी पडते त्याच वयात बीपी, शुगर आणि काचबिंदू एकत्र नांदतात, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. एक पापणी पडली की मेंदू दोन्हींना जास्त जोर लावायला सांगतो. थेंबाने पडलेली वर आली की तो जादाचा जोर कमी होतो आणि दुसरी, चांगली वाटणारी पापणी खाली येते. मग माणूस त्या डोळ्यातही थेंब टाकतो.

"नाकात मारायच्या स्प्रेमध्ये तेच औषध असतं"

औषधाचं नाव एकच, ही गोष्ट खरी. नाकाचे बरेच स्प्रे ऑक्सिमेटाझोलिनचेच असतात, मोठ्यांसाठी ०.०५ टक्के. त्याच फळीवर झायलोमेटाझोलिनचेही असतात आणि बाटल्या दिसायला जुळ्या. मागणाऱ्याला दोन्ही 'नाकाचा स्प्रे'च.

तेलाच्या डब्यात तेलच असतं म्हणून कुणी देवघरातल्या समईचं तेल फोडणीला घेत नाही, तसं हे आहे. डोळ्यात जाणारी प्रत्येक गोष्ट निर्जंतुक असावीच लागते. नाकाच्या औषधाला ती सक्ती नसते, कारण नाक मुळात निर्जंतुक जागा नाही. नाकाच्या द्रावणात बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखं टिकाऊ रसायन बहुतेक वेळा असतं, काहींत मेंथॉल, कापूर असले पदार्थही. रोज डोळ्यात गेलं तर बेंझाल्कोनियमने डोळ्याच्या पडद्याचा वरचा थर खराब होतो, आणि ज्यांचा डोळा आधीच कोरडा आहे त्यांचा लवकर. पापणीसाठी मंजूर झालेले थेंब मुद्दाम टिकाऊ रसायनाशिवाय, एकदा वापरून फेकायच्या छोट्या कुपीत येतात. त्यांची आम्लता डोळ्याला सोसेल अशी ठेवलेली असते. स्प्रेची नळी तर घरातल्या दोघा-तिघांच्या नाकात जाऊन आलेली असते. तीच डोळ्याजवळ न्यायची?

तीव्रता निम्मी आहे म्हणून दोन थेंब टाकले की हिशेब जुळला, असंही एकांनी मला सांगितलं. डोळ्यात एका वेळी एका थेंबाइतकीही जागा नसते. दुसरा थेंब गालावर जातो, उरलेला अश्रूंच्या नळीतून नाकात आणि तिथून रक्तात. म्हणजे पापणीला जास्त औषध मिळत नाहीच, बीपीला मिळतं.

स्प्रे घरात उघडा राहतो, हा धोका पापणीच्याही पलीकडचा आहे. या जातीचं औषध लहान मुलाने गिळलं तर १ ते २ मिलिलिटरसुद्धा पुरतं: मूल सुस्त पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास मंद होतो, बेशुद्धी येऊ शकते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांबाबत एफडीएने २०१२ मध्ये असा इशारा दिला आहे. रोज वापरायचं म्हणून आजोबा उशाशी बाटली ठेवणार आणि नातू उशाशीच खेळणार. नाकाचे आणि डोळ्याचे, दोन्ही थेंब कुलपात ठेवा.

पंचवटीतल्या एका मावशींनी मला विचारलं, "मग नाकात मारला तर चालतो ना?" सर्दीला चालतो, तीन-चार दिवस. त्यापुढे मारत राहिलं तर नाक त्याच्यावाचून उघडेनासं होतं. मावशींना ते आधीच झालं होतं.

"ऑपरेशन विसरा"

ऑपरेशनची भीती मला समजते. डोळ्याजवळ सुरी या कल्पनेनेच माणूस मागे सरतो, आणि अशा माणसाच्या हातात हा मेसेज पडतो. पण पापणीचं ऑपरेशन मोठ्या माणसात बहुतेक वेळा जागा बधिर करून करतात. रुग्णाला मध्येच डोळे उघडायला सांगून उंची जुळवतात. पट्टा सैल असेल तर तो आवळून परत बसवतात. पडणं थोडंच असेल आणि फेनिलेफ्रिनचा (मुलरचा स्नायू आवळणाऱ्या दुसऱ्या औषधाचा) थेंब टाकल्यावर पापणी वर येत असेल, तर पापणीच्या आतून मुलरचा स्नायू आखूड करतात. लिव्हेटरमध्ये ताकदच नसेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला दोरीने जोडतात. कुठलं ऑपरेशन करायचं हे ठरवायलाही आधी कारण आणि स्नायूची ताकद मोजावी लागते. नीट केलेल्या ऑपरेशनचा परिणाम वर्षानुवर्षं टिकतो, तरी कधी उंचीत थोडा फरक राहतो आणि पुन्हा टाका घालावा लागतो, तेही डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावं. ज्यांना भूल चालत नाही, ऑपरेशन नको आहे, किंवा बोटॉक्सच्या इंजेक्शनाने तात्पुरती पापणी पडली आहे, त्यांच्यासाठी थेंबांचा विचार डॉक्टर करू शकतात. तिथे हे औषध उपयोगी आहे आणि ते आलं याचा मला आनंदच आहे.

पापणी उतरलेली वाटत असेल तर आधी एक काम घरीच करा: जुने फोटो काढा. लग्नाचा अल्बम, आधार कार्ड, लायसन्स, मोबाइलमधली मागच्या दिवाळीची चित्रं. पापणी दहा वर्षांत हळूहळू आली की पंधरा दिवसांत, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी विचारायचं असतं आणि फोटो त्याचं उत्तर देतात. संध्याकाळी जास्त पडते का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, बोलताना शब्द जड होतात का, घास अडकतो का, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, तेही लिहून न्या. सिव्हिलला डोळ्यांची ओपीडी आहे. खासगीत जाणार असाल तर कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडून सुरुवात करा, गरज पडली तर ते पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा पापणीच्या सर्जनकडे पाठवतील.

डोकं अचानक जोरात दुखणं, दोन-दोन दिसणं, एक बाहुली मोठी किंवा बारीक होणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाणं, डोळ्याभोवती सूज आणि ताप यांपैकी एकही गोष्ट पापणीबरोबर असेल, तर ओपीडीची वेळ बघू नका. रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जा. मेडिकलमध्ये आधी याल तर मीही तुम्हाला तिथेच पाठवणार आहे, आणि स्प्रे देणार नाही.